बेसिकने डोकं बिघडतं म्हणे!

बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलास तर कायमचा वाया जाशील, असं कुणी म्हटलं तर फार मनावर घेऊ नकोस. हा टोमणा मूळचा संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांचा, 1975 मधला. तेव्हा ओळींना 10, 20, 30 क्रमांक द्यायचे आणि गोटू 200 (थेट 200 क्रमांकाच्या ओळीवर जा) म्हणत उड्या मारायच्या. मोठा प्रोग्रॅम वाचताना जीव मेटाकुटीला यायचा, हे खरंच. पण क्यूबेसिक या बेसिकच्या नंतरच्या रूपापर्यंत सब, फंक्शन (प्रोग्रॅमचे नाव दिलेले वेगळे तुकडे) सगळं आलं होतं. टोमणा मात्र तसाच चालू राहिला! एक्सेलचे मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) आजही व्हीबीएत, म्हणजे बेसिकच्याच एका रूपात लिहितात. तिथे पहिल्याच ओळीत ऑप्शन एक्स्प्लिसिट टाक, म्हणजे प्रत्येक व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव) आधी जाहीर करावंच लागतं. नाहीतर नावात एक अक्षर चुकलं की व्हीबीए गुपचूप नवं, रिकामं व्हेरिएबल बनवतं आणि बेरीज भलतीच येते. गोटू फक्त एरर हाताळायला ठेव. पायथन या दुसऱ्या भाषेकडे पुढे खुशाल वळ.