फ्युजन रेस्टॉरंट गाजतात, तरी बंद का पडतात?

तुमच्या घराजवळचं फ्युजन रेस्टॉरंट नाव कमावूनही बंद झालं, म्हणून तुम्ही विचारलंय की लोकांना असली सरमिसळ पचत नाही का. मला तसं वाटत नाही, आणि याला कारण न्यूयॉर्कचं ‘तबला’ हे रेस्टॉरंट.

माझं ऑफिस तेव्हा मॅडिसन स्क्वेअर पार्कच्या जवळच होतं. ‘तबला’ १९९८मध्ये पार्कसमोर सुरू झालेलं. मालक डॅनी मेयर, शेफ फ्लॉइड कार्डोझ. कार्डोझ मुंबईचे, घराणं मूळचं गोव्याचं. माल अमेरिकेतला, शिस्त फ्रेंच स्वयंपाकघरातली आणि मसाला आपला. १९९९मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने चारपैकी तीन तारे दिले.

वरच्या मजल्यावर महागडं जेवण, खाली ‘ब्रेड बार’. आम्ही पगारदार माणसं खालीच बसायचो. आई आली होती तेव्हा तिलाही नेलं. रोझमेरीचा नान आला, तिने तुकडा मोडून आधी नाकाशी नेला. “ओव्यासारखा वास येतोय, पण ओवा नाही हा.” बाहेरच्या खाण्याला नावं ठेवणारी माझी आई, तिने तो अख्खा नान एकटीने संपवला. मला केवढा आनंद झाला होता!

तेच ‘तबला’ २०१०च्या डिसेंबरअखेर बंद झालं. चव बिघडली नव्हती. पण जागा २८३ माणसांची! नवी चव आवडीने खाणारे लोक असतात, पण एवढ्या खुर्च्या रोज भरतील इतके नसतात. त्यात २००८ची मंदी आली, आणि ऑफिसच्या पैशांवरची जेवणं आटली. भाडं आणि पगार मात्र भरलेल्या खुर्च्या मोजून द्यायचे नसतात. याच मालकाने याच पार्कात २००१मध्ये हॉटडॉगची गाडी लावली होती. २००४मध्ये तिची टपरी झाली, तीच पुढे ‘शेक शॅक’ या बर्गरच्या दुकानांच्या नावाने जगभर गेली. म्हणून मी म्हणते, आधी जागेचा हिशोब बघा, चवीला दोष नंतर द्या.

कार्डोझ यांनी २०११मध्ये ‘टॉप शेफ मास्टर्स’ ही टीव्हीवरची शेफ लोकांची स्पर्धा जिंकली ते मशरूम घातलेल्या उपम्यावर. आपल्या उपम्यावर! २०१५मध्ये ते लोअर परळच्या ‘बॉम्बे कॅन्टीन’ या रेस्टॉरंटच्या उभारणीत होते. मार्च २०२०मध्ये कोविडने ते गेले, तेव्हा मला आधी तो नान आठवला.

तुमच्या इथला शेफ आता कुठे रांधतोय, तेवढं मात्र शोधून काढा.