मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी पडद्याचा ओसीटी कशाला?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आईचं वय 67, शुगर 15 वर्षांपासून आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला म्हणून ऑपरेशन ठरलं, पण डॉक्टर म्हणाले आधी डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) ओसीटी, म्हणजे एक प्रकारचा स्कॅन, करून आणा. शेजारच्या काकांचं तर बिना ओसीटीच झालं आणि त्यांना छान दिसतंय. हा खर्च खरंच गरजेचा आहे का? अजून एक, आई म्हणते हल्ली ठिपक्यांची रांगोळी काढताना सरळ ओळ मधेच वाकडी दिसते, मोतीबिंदू काढला की ते जाईल ना?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : रांगोळीचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. मोतीबिंदूने धूसर दिसतं, धुरकट काचेतून बघितल्यासारखं, पण सरळ ओळ वाकडी दिसणं हे बहुतेक वेळा पडद्याच्या मधल्या भागाचं, मॅक्युलाचं दुखणं असतं आणि ते नुसती लेन्स बदलून जात नाही. हे तुमच्या डॉक्टरांना आजच सांगा, आणि घरी एकेक डोळा झाकून चौकटीच्या वहीचं पान आईंना दाखवा, कुठल्या डोळ्याने रेघा वाकतात ते कळेल.

आता ओसीटी. पडद्याचा साधा फोटो म्हणजे पुरणपोळी वरून बघणं, आणि ओसीटी म्हणजे ती कापून आत पुरण कुठवर गेलंय ते बघणं. हे तंत्र 1991 मध्ये आलं. डोळ्याला हात लागत नाही, सुई नाही, हनुवटी टेकवून समोरच्या खुणेकडे बघायचं, इन्फ्रारेड प्रकाशाने पडद्याचे थर दिसतात, काही मिनिटांत झालं. मॅक्युलाची मधली जाडी साधारण 250 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आसपास असते, शुगरने पाणी भरलं की ती वाढते, आणि अशी सूज असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं तर ती आणखी वाढू शकते. म्हणून बरेचदा आधी डोळ्यात इंजेक्शन देऊन सूज उतरवतात, मग मोतीबिंदू काढतात. पातळ झिल्ली चढून पडदा ओढला जात असेल तर झिल्लीचं आणि मोतीबिंदूचं अशी दोन्ही ऑपरेशन एकत्र करायची का ते ठरतं, आणि मॅक्युलाला छिद्र असेल तर त्याची रुंदी मोजतात, 400 मायक्रॉनच्या वर गेलं की ते मोठं धरतात आणि सर्जन पद्धत बदलू शकतात, पेशंटला काही दिवस पालथं झोपायचीही तयारी ठेवावी लागते, हे घरच्यांना आधी कळलेलं बरं. लेन्सचंही तसंच, पडदा खराब असेल तर महागडी मल्टीफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे, साधी मोनोफोकलच (एकाच अंतराची) बरी.

काकांना शुगर नसेल, पडदा चांगला असेल, त्यांचं निभावलं. पण ऑपरेशन उत्तम होऊनही पेपर वाचता येत नाही असे पेशंट मी बघते, आधी कुणी सांगितलंच नव्हतं म्हणून ते रडवेले होतात, मला फार वाईट वाटतं. आईंच्या बाबतीत हा खर्च नक्की करा. मोतीबिंदू फारच दाट असेल तर ओसीटीत नीट दिसत नाही, तेव्हा डोळ्याची सोनोग्राफी करतात, पण त्यात इतकं बारीक कळत नाही, म्हणून उशीर नको.

रिपोर्टची प्रिंट जपून ठेवा, ऑपरेशननंतर ताडून बघायला लागते. आणि आईंना एकट्या पाठवू नका, बाहुली मोठी करायचे ड्रॉप घातले की तीन-चार तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही, गॉगल सोबत घ्या.