म्हातारपणी पाणी पितानाच ठसका कामून लागतो? जिभेचा काही संबंध आहे का?

आहे ना. जिभेत 8 प्रकारचे स्नायू असतात अन् वयानं हातापायासारखी त्यांचीबी ताकद उतरते. रोजचा घास गिळण्यापुरता जोर बहुतेक राहतो पण वरची शिल्लक घटते, म्हणून आजारपणात एकदम त्रास जाणवतो. आमची आजी परभणीकडची, दुधात कुस्करलेली भाकरी लई वेळ तोंडात घोळवते पण गिळते नीट, ठसका मात्र पाण्याचा, कारण पातळ पदार्थ जिभेनं आवरायच्या आधीच घशात पळतो. ताठ बसवून छोटे घोट द्या. जीभ टाळूला दाबून धरायचा व्यायाम स्पीच थेरपिस्टकडून शिकून घ्या, फरक पडतो. अचानक बोबडं बोलायला लागले तर मात्र वय म्हणून सोडू नका, लकवा असू शकतो, लगेच दवाखाना गाठा.