कोकम सरबताच्या बाटल्यांसाठी लाकडी क्रेट करून घेतले, पण तळ सुटतात. फळी जाड घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पाऊण लिटरच्या काचेच्या बाटल्या, एका क्रेटमध्ये बारा, कुडाळहून पुण्याला टेम्पोने जातात आणि रिकामे क्रेट परत येतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तळाच्या फळ्या सुटतात. सुतार म्हणतो, अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची फळी ठोकू.

नका ठोकू. फळी मोडली असती तर सुताराचं बरोबर होतं. पण तुम्हीच लिहिलंय की फळी अखंड आहे, खिळे उपटून आलेत. मग जाडी वाढवून काय होणार? क्रेट उगाच जड होईल आणि खिळे तसेच उपटतील.

आमचं कणकवलीच्या बाजूला खोकी-पेट्यांचं काम आहे. वडील आंब्याच्या पेट्या करायचे, मी बाटल्यांच्या क्रेटकडे वळलो, आणि सुरुवातीला नेमकी तुमच्या सुताराचीच चूक केली. पेटी जशी ठोकायची तसाच क्रेट ठोकला: चौकट उभी केली, उलटी केली, खालून फळ्या ठेवल्या आणि खिळे मारले. पहिल्याच गिऱ्हाइकाकडे माल उतरवताना चौकट माझ्या हातात आली, आणि तळ बारा बाटल्यांसकट टेम्पोतच राहिला. बाटल्या जागच्या जागी उभ्या, एकही फुटली नाही. गिऱ्हाईक हसत होता. मला मात्र हसू आलं नाही.

आंब्याची पेटी एका फेरीची असते. वाशीला पोचली, फोडली, संपली. आत पेंढा, आंबा स्वतः थोडा दबून घेणारा, पेटीला आयुष्यात चार-पाच वेळा उचलायचं. तुमचा क्रेट वर्षभर ये-जा करणार. त्यात बाटली दबून घेत नाही, आणि वजनही कमी नाही. सरबतात साखर भरपूर, त्यामुळे पाऊण लिटर सरबत एक किलोला टेकतं. काच चारशे-पाचशे ग्रॅम. म्हणजे बारा बाटल्या 17-18 किलो आणि क्रेट धरून 22. ते 22 किलो हळू उचललं तर 22. पण टेम्पो खड्ड्यात आपटला की तोच तळ क्षणभर दुप्पट-तिप्पट वजन सोसतो. खालून ठोकलेल्या तळात हे सगळं वजन खिळ्याला त्याच्याच लांबीच्या दिशेने बाहेर ओढतं, आणि खिळा सगळ्यात कमकुवत तिथेच असतो. आडवा दाब तो पुष्कळ सोसतो, सरळ ओढ सोसत नाही.

त्यात भर म्हणजे खिळा कशात गेलाय. फळीची कापलेली कडा बघा, जिथे बारीक नळ्यांची तोंडं दिसतात ती. तिथे मारलेला खिळा लाकडाच्या तंतूंना समांतर जातो, तंतू त्याला कवळत नाहीत. मऊ लाकडात अशा खिळ्याची पकड आडव्या खिळ्याच्या पाऊण ते अर्धीच राहते. तुमच्या क्रेटचे कोपरे बघा, बाजूच्या फळ्यांचे खिळे नक्की याच कडेत गेलेले असतील.

म्हणून तळ खिळ्याला टांगायचा नाही, लाकडावर बसवायचा. दोन्ही टोकांच्या पाटांना (म्हणजे टोकाच्या उभ्या रुंद फळ्यांना) आतून, अगदी खालच्या कडेला, एकेक आडवी पट्टी लावा, 20 मिमी उंच आणि 25 मिमी रुंद. ती बाहेरून पाटातून आलेल्या चार स्क्रूंनी आणि चांगल्या वॉटरप्रूफ गोंदाने पक्की करायची. तळाच्या फळ्या लांबीच्या दिशेने या दोन पट्ट्यांवर नुसत्या टेकवायच्या. आता बाटल्यांचं वजन फळीवर, फळीचं पट्टीवर, आणि पट्टीचं स्क्रूवर आडवं. फळी हलू नये म्हणून वरून दोन-दोन चुका (बारीक खिळे) मारा, त्यांना काही सोसायचं नाही. अर्धा इंची फळीच पुरते. एवढ्या अंतराला ती अर्धा मिलिमीटरसुद्धा वाकणार नाही. आणि तळ जमिनीपासून 20 मिमी वर राहतो, ओल्या लादीवर ठेवला तरी भिजत नाही.

कोपऱ्यांचंही तेच तत्त्व. टोकाच्या पाटाला बाहेरून दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या लावा, 40 बाय 20, पाटाच्या पूर्ण उंचीच्या. बाजूच्या फळ्या पाटाच्या पुढे 20 मिमी नेऊन या पट्टीच्या कडेवरून घ्या. पट्टीचे तंतू उभे, खिळा आडवा, त्यामुळे पकड पूर्ण मिळते. एक खिळा पाटात, पुढचा पट्टीत, असे आळीपाळीने मारायचे, म्हणजे एका रेषेत भोकं पडून फळी चिरत नाही. फायदा आणखी एक: क्रेटवर क्रेट चढवले की वजन 40 मिमी जाड टोकांवरून खाली जातं, बाटल्यांच्या बुचांवर येत नाही. सहा क्रेटची थप्पी लावली तर सगळ्यात खालच्यावर 110 किलो असतं, हे विसरू नका.

मापं तुमच्या बाटलीवरून काढा. समजा बाटली 76 मिमी व्यासाची आणि 300 उंच आहे. खण 80 चा ठेवा. चार-पाच मिमीपेक्षा जास्त मोकळीक दिली की बाटली घंटेसारखी वाजते. कप्प्यांना 6 मिमी प्लाय. लांबीत चार खण आणि तीन पट्ट्या, 338 मिमी. रुंदीत तीन खण आणि दोन पट्ट्या, 252. उंची: खालची पट्टी 20, तळ 12, बाटली 300, वर 10 मोकळे, म्हणजे 342. दोन्ही टोकांची जाडी 40-40 धरून बाहेरून लांबी 418 येते. हे सगळं हलक्या लाकडात केलं तर क्रेट चार-साडेचार किलोचा होतो.

कप्पे म्हणजे शोभेची जाळी नव्हे. बाटल्या बहुतेकदा क्रेट मोडल्यामुळे फुटत नाहीत, काच काचेला लागून फुटतात. दोन गोल बाटल्या एकमेकींना लागतात त्या एका रेघेवर, तळाशी आणि खांद्याशी. रोज तिथे घासून ओरखडा पडतो आणि एका दिवशी हलक्या धक्क्याने चीर जाते. म्हणून कप्प्याची पट्टी तळाला टेकलेली हवी आणि खांद्याच्या वर गेलेली हवी. तुमच्या फोटोत ती तळापासून बोटभर वर आहे. त्या फटीतून बाटल्यांची बुडं एकमेकींना भेटतात. गोटी सोड्याची ती बाटली आठवते? हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने 1872 मध्ये पेटंट घेतलं होतं तिचं. तिची काच इतकी जाड की क्रेटमध्ये खडखड वाजत गावभर फिरली तरी तिला काही होत नाही. ते क्रेट बघून आपल्या पातळ बाटल्यांचे क्रेट करायला जाऊ नका. प्लायच्या पट्ट्या एकमेकींत अर्ध्या खाचेने अडकवा आणि त्यांची टोकं पाटात नि बाजूंना चार-पाच मिमी खोल खाचेत बसवून गोंद लावा. वरून उघडा असलेला क्रेट तिरका होऊ पाहतो, काटकोनाचा समांतरभुज होतो. हे कप्पेच त्याला आतून धरून ठेवतात.

लाकूड कोणतं, हे विचारलंत ते बरं केलंत. आपल्याकडे रायवळ आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं, पण प्रक्रिया न केलेल्याला कीड लागते. सकाळी क्रेटखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला की समजा. दोडामार्गकडचं रबराचं लाकूड कामाला छान, पण तेही कापल्याबरोबर बोरॉनमध्ये मुरवलेलं असेल तरच. अकेशिया जड आणि खिळ्याला फाटणारा. शिवण मिळाली तर सोडू नका. हलकी आहे, वाळल्यावर वाकत नाही, खिळा शांतपणे घेते. परवडत नसेल तर जुन्या पॅलेटचं पाइनवुड चालेल. फक्त शिक्का बघा. ‘एमबी’ लिहिलं असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं लाकूड. खाण्याच्या मालाजवळ मी ते आणत नाही.

लाकूड कोणतंही असो, ते वाळलेलं हवं. मला वाटतं तुमच्या क्रेटचा निम्मा रोग इथे आहे. ओल्या लाकडात खिळा घट्ट जातो, सुतार खूश, तुम्ही खूश. मग क्रेट एप्रिलमध्ये पुण्याला जातो, तिथल्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि खिळा बिळातल्या काठीसारखा सैल होतो. अमेरिकेत मॅडिसनला 1910 पासून लाकडावर संशोधन करणारी एक सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथे भरलेली खोकी मोठ्या षट्कोनी पिंपात घालून गोल गोल फिरवत आणि आधी काय सुटतं ते मोजत. ओल्या लाकडात खिळे मारून मग वाळू दिलेली खोकी लवकर ढिली पडतात, हे त्यांनी फार पूर्वीच नोंदवून ठेवलंय. आमच्याकडे पिंप नाही, पण अनुभव तोच. शंभर मिमी रुंदीची फळी कोकणातल्या पावसाळी ओलाव्यातून देशावरच्या उन्हाळ्यात गेली की रुंदीत दोन-तीन मिमी कमी होते; लांबीत मात्र जवळजवळ काहीच नाही. म्हणून रुंद फळ्या टाळा, 75 ते 90 च्या घ्या आणि दोन फळ्यांत तीन-चार मिमी फट सोडा. फटीतून फुटलेल्या बाटलीचं सरबतही वाहून जातं.

सरबतावरून आठवलं, तुम्ही आगळही, म्हणजे कोकमाचा खारवलेला रसही, पाठवता. आगळ आंबट, वर खारट. एक बाटली पाझरली की साधा लोखंडी खिळा महिन्याभरात गंजतो, भोवतालचं लाकूड काळं पडतं आणि भुसभुशीत होतं. स्टेनलेस स्क्रू महाग वाटतील, पण एका क्रेटला तीस-पस्तीसच लागतात. किमान तळाच्या पट्ट्यांना तरी तेच वापरा, बाकी ठिकाणी गॅल्व्हनाइज्ड चालतील. स्क्रूआधी भोक पाडायचं, आळस नको. खिळाच मारायचा असेल तर दीड इंची घ्या, कडेजवळ मारताना टोक हातोडीने किंचित बोथट करा. टोकदार खिळा तंतू फाकवतो, बोथट त्यांना चिरडत जातो. फळी फाटत नाही.

मुठीसाठी पाटाला भोक पाडलंय तुम्ही, वरच्या कडेपासून जेमतेम बोटभर खाली. तिथली फळी एक दिवस हातात येणार. भोकच नको. बाहेरच्या दोन उभ्या पट्ट्यांच्या मध्ये, वरून 30 मिमी सोडून, एक आडवी पट्टी बसवा, 25 मिमी जाड. आतून तीन स्क्रू, मागे गोंद, खालची कड पॉलिश पेपरने गोल. चारही बोटं खाली बसतात. 22 किलो घेऊन दोन जिने चढणाऱ्या माणसाच्या बोटांना ती गोल केलेली कड कळते.

प्लॅस्टिकचे क्रेट घ्यावेत का, असंही शेवटी विचारलंत. दुकानदाराच्या गोदामातच उतरवायचं असेल तर खुशाल घ्या. धुता येतात, मी त्यावर रागावणार नाही. पण तुमचा क्रेट दुकानात समोर मांडला जातो, त्यावर तुमचं नाव असतं, तिथे लाकूड हवं. दुबईला माल पाठवायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्याचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं आणि गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारलेलं लागतं. तो शिक्का मान्यताप्राप्त कारखान्यातूनच मिळतो. प्लायला मात्र ही अट नाही, त्यामुळे तेवढ्यापुरता सगळा क्रेट जाड प्लायचा करणं सोपं.

पन्नासाची ऑर्डर देण्याआधी एकच करून घ्या. प्लॅस्टिकच्या बारा बाटल्यांत वाळू भरा, प्रत्येकी दीड किलो. एका मुठीने उचलून झुलवा. मग गुडघ्याच्या उंचीवरून सिमेंटच्या जमिनीवर एका कोपऱ्यावर पाडा, असे चारही कोपरे. नंतर गुण्या लावून बघा, काटकोन किती हलला. दोन-तीन मिमी चालेल. तळाची पट्टी हलली असेल तर स्क्रू लहान पडलेत.

आणि बाटलीची उंची मोजाल तेव्हा बूच लावून मोजा. मी एकदा बूच न लावता मोजली. चाळीस क्रेट तयार झाले, थप्पी लावली, आणि वरचा प्रत्येक क्रेट खालच्या बारा बुचांवर बसला. त्या चाळीसांना वरून 15 मिमीची पट्टी चढवण्यात गणपतीची सुट्टी गेली.