गाडीच्या आधी घराचं बघ

पोरी,

तुझा मेसेज वाचला. प्रोबेशन संपलं, पगार वाढला, आणि वाघोलीतनं कल्याणीनगरला रोज स्कूटीवर जायचं म्हणजे नगर रोडवर डंपर आणि टँकरच्या मधनं जीव मुठीत धरून जायचं, पावसात तर विचारायलाच नको, म्हणून आता कार घेऊ का, बँक ७ लाखाचं लोन द्यायला तयार आहे, असं विचारलंयस. विषय दोन ओळीत बसणारा नाही म्हणून सविस्तर लिहितेय, सावकाश वाच.

स्कूटी सोडायचा तुझा विचार एकदम बरोबर. त्या रस्त्यावर दुचाकी नकोच, तुझ्या आईला पण मी हेच म्हणाले. पण स्कूटी सोडली म्हणजे कारच घ्यायची असं कुठंय? तू गाडीचं विचारतेयस आणि मला दिसतोय तो घराचा प्रश्न. तू वाघोलीत का राहिलीस, तर तेव्हा नोकरीचं काही पक्कं नव्हतं, भाडं कमी होतं आणि आपल्याकडच्या पोरी रूमवर होत्या. तेव्हा ते ठीकच होतं. आता ऑफिस कुठं आहे ते पक्कं झालंय, तर आता घर त्या हिशोबानं बघायचं. रोज कसं जायचं हे गाडीच्या शोरूममधे ठरत नाही, भाड्याची खोली घेतो त्या दिवशीच ठरून जातं, नंतर आपण नुसते धडपडत राहतो.

आता हिशोब करू, कारण तू हिशोबाची पोरगी आहेस. ७ लाखाचं लोन, ९ टक्के व्याज, ७ वर्षं, म्हणजे हप्ता ११,२६० च्या आसपास. ७ वर्षांत बँकेला साधारण ९ लाख ४६ हजार जाणार, म्हणजे जवळजवळ अडीच लाख नुसतं व्याज, आणि लोन फिटेल त्या दिवशी दारात ७ वर्षं जुनी गाडी. डाउन पेमेंट वेगळंच. मग पेट्रोल, येऊन-जाऊन २४-२५ किलोमीटर आणि ट्रॅफिकमधे १२-१३ चं अॅव्हरेज धर, चार-साडेचार हजार. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग. सगळं मिळून महिन्याला १८ हजार कुठंच गेले नाहीत. आणि एवढं करून वेळ वाचणार नाहीच, कारण ज्या जॅममधे स्कूटी निदान कडेकडेनं सरकते तिथं कार उभीच राहणार. दिवसातले दोन तास ती चालणार, बाकीचे २२ तास कुठंतरी उभी राहणार आणि त्या उभं राहण्याला पण जागा लागते, जागेचे पैसे लागतात.

दुसरी बाजू बघ. तुझं ऑफिस कल्याणीनगर मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, हे तूच सांगितलंयस. ही लाइन मार्च २०२२ ला सुरू झाली तेव्हा वनाझ ते गरवारे कॉलेज एवढीच होती, ऑगस्ट २०२३ ला रुबी हॉलपर्यंत आली, मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत. सिव्हिल कोर्टला उतरून गाडी बदलली की एकीकडं पिंपरी आणि दुसरीकडं, सप्टेंबर २०२४ पासून, स्वारगेट. म्हणजे वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी या बाजूला बघ, नाहीतर दापोडी, कासारवाडी, संत तुकारामनगरकडं बघ. तिकीट १० पासून ३५ पर्यंत. रोजचे ७० धरले तरी महिन्याचे १८०० च्या आसपास. कारच्या १८ हजारातले सात-आठ हजार तू जास्तीच्या भाड्यात घातलेस तरी आठ-नऊ हजार हातात राहतात, शिवाय रोजच्या जाण्यायेण्यात पुस्तक वाचता येतं, डोळे मिटून बसता येतं. वाघोलीपेक्षा भाडं जास्त आहे म्हणून घाबरू नकोस. भाडं आणि प्रवास हे दोन खर्च वेगळे मोजायचेच नाहीत, एकच बेरीज करायची.

खोली बघताना एक सांभाळ. बिल्डर आणि एजंट सगळे ‘प्रस्तावित मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं सांगतात. प्रस्तावित लाइनवर भरवसा ठेवून घर घेऊ नकोस, जी आज चालू आहे तिच्याजवळच घे. स्टेशनपासून घरापर्यंत स्वतः चालून बघ आणि दिवसा नको, रात्री साडेआठला चालून बघ. दिवे आहेत का, फुटपाथ आहे का, दुकानं उघडी असतात का, कुत्री किती आहेत. स्टेशनवरनं बस धरायची वेळ येणार असेल तर बस आहे का एवढंच विचारू नकोस, किती मिनिटांनी आहे ते विचार. अर्ध्या तासानं एक बस असेल तर सरासरी १५ मिनिटं उभं राहावं लागतं आणि एक चुकली तर आख्खा अर्धा तास गेला, ८ मिनिटांनी असेल तर सरासरी ४ मिनिटं, आणि मग टाइमटेबल बघावंच लागत नाही. माणूस बस सोडतो तो गर्दीला वैतागून कमी आणि वाट बघण्याला वैतागून जास्त, हे माझं अगदी ठाम मत आहे.

हे मत कुठनं आलं तर आपल्याच गावातनं. मॅडम सोलापुरात बसून पुण्याचं काय सांगतायत असं तुला वाटेल, पण जे मी सांगतेय ते आपल्या गावानं दाखवलंय. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडाच्या मिल चालू होत्या तेव्हा कामगार मिलच्या आसपासच्या पेठांत आणि चाळीत राहायचा, भोंगा झाला की चालत किंवा सायकलवर कामाला. काम आणि घर जवळ होतं म्हणून कमी पगारात पण संसार निभायचा. मग मिल एकेक करून बंद पडल्या, १९९२ ला हद्दवाढ झाली, शहर विजापूर रोडला पसरलं, होटगी रोडला पसरलं, जुळे सोलापूर उभं राहिलं, बाळ्याकडं वस्ती वाढली. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख माणसं. म्हणजे जेव्हा लोक लांब राहायला गेले, जेव्हा सिटीबसची खरी गरज लागली, नेमक्या त्या वर्षांत आपल्याकडं बस कमी कमी होत गेल्या. बस कमी झाली म्हणून ज्याला जमलं त्यानं गाडी घेतली, त्यानं गाडी घेतली म्हणून तिकिटाचा पैसा कमी झाला, पैसा कमी म्हणून नादुरुस्त बस डेपोतच राहिल्या, आणि मग उरलेल्या माणसांना पण सांगायची सोय झाली की बसला गर्दीच नाही तर बस कशाला. एवढं फिरलं की चाक उलटं फिरवायला फार कष्ट पडतात.

आता बघ यात कोण अडकलं. कुंभारीला विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत, १० हजार घरं, २००६ ला चाव्या मिळाल्या. मग तिथंच रे नगर, त्यातली १५ हजार घरं जानेवारी २०२४ ला दिली गेली. हक्काचं घर मिळालं ही केवढी मोठी गोष्ट आहे, त्या बायकांनी आणि त्यांच्या संघटनेनं त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढलेत, मला त्याचं फार कौतुक आहे. पण घर शहराबाहेर, आणि सिव्हिल हॉस्पिटल, मोठी शाळा, कॉलेज, बाजार सगळं शहरात. मग शेअर रिक्षात सीट मिळेल तसं कोंबून यायचं, आणि ज्या दिवशी रिक्षाला पैसे नसतील त्या दिवशी दवाखाना उद्यावर. त्या घरातली पोरगी अकरावीला कुठलं कॉलेज घेणार हे मार्कांवर ठरत नाही, जायला काय मिळतं त्यावर ठरतं. मी शिकवत होते तेव्हा अशा हुशार पोरी सोडून जाताना पाहिल्यात आणि ते मला अजून सोसत नाही.

म्हणून मला तुझ्या बाबतीत फक्त तुझे पैसे वाचवायचे नाहीत. तू शिकलेली आहेस, इंजिनिअर आहेस, तुला अर्ज लिहिता येतो, अॅपवर तक्रार टाकता येते, नगरसेवकाला फोन करून उत्तर मागता येतं. तुझ्यासारखी माणसं बसमधे असतात तोवर बसकडं कुणीतरी लक्ष देतं. तुम्ही सगळे गाडीत जाऊन काच वर केली की बसस्टॉपवर उरतात त्या माणसांचं कुणी ऐकत नाही, स्टॉपचा पत्रा गळतो तसाच गळत राहतो. मुंबईत बघ, ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली ती कशामुळं, तर ऑफिसला जाणाऱ्या हजारो बायका त्या लोकलमधे रोज होत्याच, त्यांची गर्दी रेल्वेला दिसत होती. त्या सगळ्या आपापल्या गाडीनं गेल्या असत्या तर कुणी कुणासाठी लोकल सोडली असती?

आणि रस्त्याचं गणित पण समजून घे, कारण तुझ्या ऑफिसातले लोक तुला सांगणार की अजून एक उड्डाणपूल झाला की सुटेल सगळं. सिग्नल असलेल्या शहरातल्या रस्त्याची एक लेन घे, सगळ्या कार सोडल्या तर तासाला तिच्यातनं हजार-दीड हजार माणसं पुढं जातात. तीच लेन फक्त बसला दिली, बस एकामागं एक सोडल्या, तर चार ते आठ हजार. रस्ता तोच, डांबर तेच. मुंबईत नव्वदच्या दशकाच्या शेवटाला एका दमात पन्नासेक उड्डाणपुलांचं काम काढलं, ते झाले, आणि वरनं पण जॅम खालनं पण जॅम, कारण रस्ता मोकळा दिसला की जो आजपर्यंत लोकलनं जात होता तो पण गाडी काढतो. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात सरळ म्हटलंय की वाहनं हलवायची नाहीत, माणसं हलवायची. त्याच वर्षी पुण्यात देशातली पहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी वेगळी लेन, सुरू झाली, कात्रज-स्वारगेट-हडपसर. अर्धवट केली, स्टॉपपर्यंत रस्ता ओलांडायची धड सोय नाही, लेनमधे कुणीही गाडी घालायचं, आणि मग लोक म्हणायला लागले की बीआरटीच वाईट. तुझ्या नगर रोडवरच्या लेन तर काढूनच टाकल्या. मला याचा मनापासून राग येतो. ज्या रस्त्यावर सगळ्यात जास्त माणसं अडकतात तिथनंच बसची वाट काढून घेतली.

तुझ्या भीतीचं बोलू, ते मी विसरलेले नाही. रात्री उशीर झाला, एकटी आहेस, स्टॉपवर कुणी नाही, अशा वेळी कार हवीशी वाटते आणि ते वाटणं खरं आहे, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण असे दिवस महिन्यात किती येतात ते बघ. त्या दिवसांसाठी कॅबचे दोन-अडीच हजार बाजूला काढून ठेव आणि बिनधास्त वापर, काटकसर करू नकोस. उशिरापर्यंत थांबवतात तर ऑफिसकडं कॅब मागायची, मागायला लाजायचं नाही. रोजच्या संध्याकाळी मात्र मेट्रोचा डबा माणसांनी भरलेला असतो, त्यात मला पोरगी जास्त सुरक्षित वाटते, नगर रोडवर अंधारात पंक्चर झालेल्या गाडीपाशी उभं राहण्यापेक्षा तर नक्कीच.

घरच्यांचं पण मला माहितीय. तुझ्या काकांनी विचारलं असणार, नोकरी लागली मग गाडी कधी, आणि आता स्थळं यायला लागतील तेव्हा पण विषय निघेल. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येताना दारात पुण्याची गाडी उभी राहावी असं तुझ्या आईला वाटणं मी समजू शकते, तिनं शिलाई मशीनवर तुम्हा दोघींना शिकवलंय, तिला चार लोकांत ते दाखवावंसं वाटतं. तिला मी बोलेन. तिच्या नावावर दर महिन्याला चार हजार टाकत जा, तिला त्यात जास्त बरं वाटेल, आणि हे मी तिच्याशी बोलूनच लिहितेय.

सोलापूरला यायचं म्हणशील तर गाडीनं अडीचशे किलोमीटर, पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर असे टोल, पेट्रोल, आणि चार-पाच तास एकटीनं स्टिअरिंग धरून. त्यापेक्षा शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धर. कल्याणीनगरला मेट्रोत बसलीस की पुणे स्टेशनलाच उतरतेस, रिक्षावाल्याशी घासाघीस नाही काही नाही. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत पण आहे, महाग आहे पण अडीनडीला बरी. एसटीचं तर आता बायकांना अर्धं तिकीट आहे, स्वारगेटला मेट्रोनं जायचं आणि बसायचं.

कार कधीच घेऊ नकोस असं मी म्हणत नाहीये हे लक्षात घे. उद्या आई तुझ्याकडं राहायला आली, तिचे गुडघे आत्ताच दुखतात, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या तर घे, तेव्हा खुशाल घे, मी स्वतः येईन बघायला. फक्त गाडीवाचून चालणारच नाही अशा जागी घर करू नकोस. कार दारात असावी आणि तरी सकाळी किल्ली न उचलता ऑफिसला जाता यावं, अशा ठिकाणी राहा.

तर आता असं कर. लोनच्या कागदावर या महिन्यात सही करायची नाही, बँकेची ऑफर कुठं पळून जात नाही. एक सोमवार पकड, रविवार नको, रविवारी सगळं शहर मोकळं असतं. आदल्या रात्री आयडियल कॉलनीला माझ्या धाकट्या बहिणीकडं मुक्कामाला जा, मी तिला सांगून ठेवलंय, आणि सकाळी तिच्या घरून निघून ऑफिसला पोचेपर्यंत किती वेळ लागतो ते लिहून ठेव. संध्याकाळी परत तसंच. ती त्या भागातल्या दोन-तीन खोल्या पण दाखवेल, तिची सोसायटी चांगली आहे, एकट्या पोरींना भाड्यानं देतात. अॅग्रीमेंट करायच्या आधी मला फोटो पाठव, लॉक-इन आणि मेंटेनन्सचं काय लिहिलंय ते मी बघते. डिपॉझिटला कमी पडत असतील तर स्पष्ट सांग, माझ्याकडची एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय, सावकाश परत कर.

तुझी,
मॅडम