रेवाल चालीचा काठियावाडी घोडा घ्यावा का?

सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की घोड्यांविषयी विचारणा वाढते. यंदा शहादा आणि शिरपूर तालुक्यांतल्या शेतकरी बांधवांचा प्रश्न साधारण असा आहे: "मळ्यात ये-जा करायला आणि जमलं तर शिंगरं विकून दोन पैसे मिळवायला रेवाल चालीचा, स्वभावाने गरीब काठियावाडी घोडा घ्यायचा आहे. फसवणूक कशी टाळावी? तो परवडेल का?"

आधी चालीबद्दल. दुडकीत पुढचा डावा आणि मागचा उजवा असे तिरके पाय जोडीने पडतात, मध्ये घोडा क्षणभर अधांतरी असतो आणि स्वार खोगिरावर उसळतो. रेवालात एकाच बाजूचे दोन पाय पाठोपाठ पडतात. जनावर भराभर पुढे सरकते, पण पाठ फारशी हलत नाही, म्हणून लांबच्या वाटेला स्वार थकत नाही. सौराष्ट्रातल्या काठियावाडी आणि राजस्थानातल्या मारवाडी, या दोन्ही जातींत ही चाल उपजत आढळते. टोकाशी एकमेकांकडे वळलेले कानही दोन्हींना असतात, तेव्हा नुसते कान पाहून जात ठरवू नका. काठियावाडी जरा ठेंगणा, खांद्यापाशी साधारण 147 सेंटिमीटर. निखळ काळा सोडला तर त्यात बहुतेक रंग दिसतात.

अशी चाल बरीचशी रक्तातून येते. त्यामुळे शक्य असेल तर शिंगराची आई चालताना बघा. बाजारात खरी अडचण वेगळीच असते: लगाम ओढून, मान वर ताणून चालवलेले जनावर चार पावले रेवालासारखेच दिसते. म्हणून विक्रेत्याला लगाम सैल सोडून घोडा चालवायला सांगा. तोंडात काटेरी लगाम असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. तसा लगाम वापरायला कायद्याने बंदी आहे. मग स्वतः बसा, दलालाच्या पोराला बसवून समाधान मानू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, घोडा ठाणावरून नुकताच सुटलेला असताना, कडक जमिनीवर पुन्हा चालवून पाहा. वेदनाशामक इंजेक्शनने झाकलेला लंगडेपणा अशा वेळी उघडा पडू शकतो.

गरीब स्वभाव म्हणजे मरगळ नव्हे. काठियावाडी तल्लख असतो, माणसाला लळा लावतो, पण आडदांड हाताळणी सहन करत नाही. चारही खूर उचलून पाहा, कानाला हात लावा, ट्रॅक्टर सुरू करून त्याच्याजवळून न्या आणि इतर घोड्यांपासून एकट्याला दूर काढा. पहिल्यांदाच घोडा घेणाऱ्याने घोडी किंवा खच्ची केलेला घोडा घ्यावा. शिंगरे हवी असतील तर अर्थात घोडीच. वळू घोडा सांभाळणे नवख्याचे काम नाही. अंगावरचे केसांचे भोवरे आणि देवमण (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा) यांवर बाजारात भाव हलतो. पुढे विकायचे असेल तर गिऱ्हाईक ते विचारणार, म्हणून बघून ठेवा. पण त्यावरून चाल कळत नाही आणि स्वभावही नाही.

आता परवडण्याचे. नांगरटीसाठी घोडा घेऊ नका, त्या कामाला आपले बैलच बरे. मळ्यावर देखरेख, रपेट, पर्यटनस्थळी स्वारी आणि पैदास हे याचे खरे उपयोग. घोडी सुमारे 11 महिने गाभण राहते आणि सहसा एकच शिंगरू देते, त्यामुळे झटपट नफ्याचा हिशेब मांडू नका. तीन वर्षांच्या आत शिंगरावर स्वारीही नको. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 पासून घोड्यांच्या उद्योजकता प्रकल्पांचा समावेश झाला आहे. भांडवली खर्चाच्या 50 टक्के, कमाल 50 लाख रुपये अनुदान आहे. मात्र ही योजना पैदास प्रकल्पांसाठी आहे, हौसेच्या एका घोड्यासाठी नाही.

खाण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात, कारण आपण गाय-म्हशीचा अंदाज घोड्याला लावतो. 350 किलोच्या घोड्याला दिवसाला 7 ते 8 किलो कोरडा आहार लागतो. त्यातला बहुतेक भाग चांगला, धूळ नसलेला चारा हवा. खुराक थोडा आणि दोन-तीन वेळा विभागून द्या. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून एकदम जास्त दाणा पोटशुळाला कारण ठरतो. आपल्याकडे मक्याचे पीक मोठे आहे, पण बुरशी लागलेला मका घोड्याच्या मेंदूवर घाला घालतो. कणीस वरून चांगले दिसले तरी शंका आली की देऊ नका. कोंबडीखाद्य तर चुकूनही नको. त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांसाठीचे औषध असू शकते आणि कोंबडीला चालणारी मात्रा घोड्याला मारक ठरते. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर ठेवल्यास कॅल्शियम कमी पडून हाडे बिघडतात. कोवळी हिरवी ज्वारीही टाळा. दर 6 ते 8 आठवड्यांनी नालबंदाकडून खूर साळून घ्या आणि धनुर्वाताची लस चुकवू नका.

पैसे देण्यापूर्वी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराची रक्ततपासणी झाल्याचा दाखला मागा. हा आजार माणसालाही होतो आणि बाधित जनावरावर उपचार न करता त्याला दयामरण द्यावे लागते. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या तपासणीचे देशातले प्रमुख ठिकाण आहे. रक्तनमुना देण्यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. दाखला असला तरी नवा घोडा निदान तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळा बांधा, त्याचे पाण्याचे भांडे, तोबरा आणि खरारा स्वतंत्र ठेवा. नाकातून घट्ट स्राव दिसला किंवा कातडीवर गाठी आल्या तर हात न लावता लगेच दवाखान्याला कळवा.