बीड जिल्ह्यात पाऊस चांगला झाला तरी लोक ऊसतोडीला का जातात?

तुमच्या प्रश्नात असं गृहीत धरलंय की दुष्काळ पडला की स्थलांतर वाढतं आणि पाऊस झाला की थांबतं. ऊसतोडीला हे गणित लागू पडत नाही. दुष्काळामुळे माणूस जायला तयार होतो हे खरं. पण तो कधी, कुठे आणि किती दिवसांसाठी जाणार हे उचल (कामाआधी दिलेली आगाऊ रक्कम) आणि कारखान्याकडचा ऊस ठरवतात.

उलटा परिणाम 2019-20 मध्ये दिसला. आदल्या वर्षीच्या दुष्काळात उसाची लागण घटली, त्यात कोल्हापूर-सांगलीच्या महापुराने उभा ऊस नासला. राज्याचं साखर उत्पादन 107 लाख टनांवरून 62 लाख टनांच्या आसपास आलं. म्हणजे दुष्काळाची झळ गावात बसली आणि पुढच्याच हंगामात तोडीचं कामही कमी झालं. पाऊस चांगला झाला की लागण वाढते, आणि ऊस बारा ते अठरा महिन्यांचं पीक असल्याने तोडणाऱ्यांची मागणी वर्ष-दीड वर्षाने चढते. 2021-22 चा हंगाम याच कारणाने जूनपर्यंत रेंगाळला.

आता उचल. पैसा कारखान्याकडून वाहतूकदाराला, त्याच्याकडून मुकादमाला, म्हणजे टोळी जमवणाऱ्याला, आणि मुकादमाकडून कोयत्याला मिळतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. वाटप पावसाळ्यातच सुरू होतं, म्हणजे बी-खताची उधारी, शाळेचा खर्च, दवाखाना हे सगळं अंगावर असताना. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते तोपर्यंत ते पैसे संपलेले असतात. त्या वर्षी सोयाबीन कितीही पिको, घेतलेली उचल फेडायला जावंच लागतं.

2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनामागे 366 रुपयांच्या आसपास आला. समजा एका कोयत्याने 1,00,000 रुपये उचल घेतली. ती फिटायला सुमारे 273 टन ऊस तोडायला हवा. एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन तोडते. दोन टन धरले तरी 137 दिवस होतात, तेही एकही खाडा न होता. हंगाम 100 दिवसांतच आटोपला तर 73,200 रुपये फिटतात, 26,800 अंगावर राहतात. त्यात दर आठवड्या-पंधरवड्याला घेतलेली किराण्याची खर्ची मिळवा. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते, आणि पुढचं स्थलांतर इथेच ठरून जातं. 2024-25 चा हंगाम बहुतेक ठिकाणी मार्चमध्येच संपला, तेव्हा असंच झालं असणार.

खाड्याचा दंड जोडीच्या हिशेबातून कापला जातो. म्हणून बाई पाळीत किंवा गरोदरपणातही उसाच्या फडात उतरते. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, त्याची एक बाजू ही आहे. मुलींची लग्नं लवकर उरकण्याचाही याच्याशी संबंध आहे. कारण लग्न झालं की जोडी होते, आणि पूर्ण कोयत्यालाच पूर्ण उचल मिळते.

‘बीडमध्येही कारखाने आहेत, मग लोक लांब का जातात?’ हा तुमचा दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला नाही तर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. त्यामुळे वाहन रात्री दोनला फडात आलं तरी भरून द्यावं लागतं. गावचा मजूर संध्याकाळी घरी जातो, सणावाराला थांबतो, रोजाचा दर मागतो. फडाजवळच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहणारा, उचल घेतलेला परगावचा माणूस यातलं काही करू शकत नाही. दक्षिण गुजरातच्या बारडोली पट्ट्यातही हेच चालतं: तोडीला डांग आणि खानदेशातून टोळ्या येतात, आणि तिथलेच भूमिहीन हळपती आदिवासी वीटभट्ट्यांवर कामाला बाहेर जातात. तेव्हा कारखान्याच्या भागात मजूर मिळत नाहीत म्हणून बाहेरचे आणतात, हे कारण मला तरी पुरेसं वाटत नाही.

पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, शेजारचं पाथर्डी या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून लोक जास्त जातात, कारण जमीन हलकी आणि रब्बीला पाणी नाही. कापूस वेचणीचं काम गावात मिळतं, पण मजुरी किलोवर आणि तीही दोन-तीन वेचण्यांपुरती. एकरकमी पैसा त्यात नाही.

अभ्यास करायचा असेल तर जनगणनेवर विसंबू नका. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, ऐन हंगामात, लोक गावात नसताना. राष्ट्रीय नमुना पाहणीने 2007-08 मध्ये अल्पकालीन स्थलांतरित कोण हे ठरवताना ‘एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी’ अशी अट घातली. लांबलेल्या हंगामातला कोयता त्यातूनही निसटतो. त्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, उचल वाटप चालू असताना गावात जा. ग्रामसेवकाकडची ऊसतोड कामगारांची नोंद, दिवाळीआधी आणि नंतरचा शाळेचा हजेरीपट आणि साखर आयुक्तालयाकडच्या गाळप सुरू-बंद होण्याच्या तारखा एकमेकांशी ताडून पाहा. मुकादमाला थेट ‘किती कोयते?’ विचारलंत तर तो आकडा फुगवून सांगतो, कारण त्याची पत त्यावर असते. ‘किती ट्रॅक्टर लावले?’ असं विचारा आणि एका ट्रॅक्टरमागे साधारण आठ-दहा कोयते धरा.